शारजातली कानटोपी

मिलिंद,

तुझी डिसेंबरची रजा मंजूर झाली आहे. मेल आला तो तू गेल्यानंतर. तुझा फोन घेऊन मी एकेकाला कळवत बसले होते, आणि वरून ती पाटी सरकत आली. रजा मंजूर, सुट्टी आनंदात घालवा. सिस्टिममधून आपोआप येतात हे मेल, माणूस आहे की नाही ते त्यांना काय कळणार? मला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग जे यायचं होतं ते आलं.

तुला रजा कधी सुखासुखी मिळालीच नाही. एअरकंडिशनिंगच्या कंपनीतल्या माणसाला उन्हाळ्यात रजा मागायची सोय नसते. जूनपासून अख्खं शारजा तापतं आणि रोज कुठल्यातरी टॉवरचा चिलर, म्हणजे एसीचं मुख्य मशीन, बंद पडतं. बाकीचे सगळे मुलांना घेऊन गावाला जायचे आणि तू लोकांच्या गच्च्यांवर घामाने निथळत त्यांची घरं थंड करत बसायचास. म्हणून आपली रजा डिसेंबरात. आणि रजा म्हणजे मिरज, यात आपल्या घरात कधी दोन मतं नव्हती. खजूर, पिस्ते, दूध पावडर, बाम, अत्तर. बॅगा बाथरूममधल्या काट्यावर चढायच्या आणि त्यातून काय काढायचं यावरून आपली वर्षातली पहिली भांडणं व्हायची.

त्या रजांमध्ये तू काय केलंस? धाकट्या भावाच्या, सतीशच्या घराचा स्लॅब घातलास. आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलंस. बँकेत जाऊन सह्या केल्यास, सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त केलंस, आत्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलंस. तू रजेवर कधी गेलाच नाहीस रे, नुसती साइट बदलायचास. परतीच्या विमानात सीटबेल्ट लावायच्या आत तुला झोप लागायची. मुंबईला उतरल्यापासून माझं 'अरे मिलिंद' बंद होऊन जे 'अहो' सुरू व्हायचं, ते विमानाने समुद्र गाठला की सुटायचं. झोपेतच तू म्हणायचास, "आता बोल. सुटलीस."

तीन हिवाळ्यांपूर्वी तलावाकाठी फिरताना तू एकदम थांबलास. काठावरच्या अल मजाजच्या इमारतींचे सगळे दिवे पाण्यात पडले होते.

"मेधा, या डिसेंबरला मिरज नको."

मला वाटलं आईंशी काहीतरी बिनसलं.

"तसं काही नाही. आयुष्यभर लोकांना थंडी विकली. एकदा फुकटची बघू या. खरा बर्फ. स्कीइंग करू."

तुझं ढेरीकडे झुकलेलं पोट आणि स्कीइंग! मी तिथेच बाकावर बसले. इराला घरी येऊन सांगितलं तर ती किंचाळली, "फायनली! बाबा, आर यू सिरियस?" तू इतका सिरियस होतास की आल्प्समधल्या त्या गावाचं हॉटेलसुद्धा आधीच बघून ठेवलं होतंस.

आईंना मात्र तू खोटं सांगितलंस. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो.

"आई, या वर्षी रजा मंजूर नाही झाली. प्रोजेक्टचं हँडओव्हर आहे."

"असू दे रे. काम आधी. खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस."

तेवढंच. त्या रागावल्या असत्या तर तुझं बरं झालं असतं. फोन ठेवून तू बाल्कनीत गेलास आणि वाळलेले कपडे काढत राहिलास, जे तू एरवी कधी काढत नाहीस.

आपलं न संपलेलं भांडण तिथे सुरू झालं. मी म्हटलं, "खरं सांग ना. आई, या वर्षी आम्ही फिरायला जातोय. एवढंच तर वाक्य आहे."

"हे वाक्य मिरजेत चालत नाही. गल्फमधला मुलगा वर्षातून एकदा येतो. तेवढंही येणार नाही, का, तर त्याला बर्फात खेळायचंय? लोक विचारतील आईला."

"लोक विचारतील, की आई विचारतील?"

"पुढच्या वर्षी समोर बसून सांगतो. पक्कं. खलास," म्हणालास आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागलास. त्याही चुकीच्या.

तयारी म्हणून तू दुबईच्या मॉलमधल्या बर्फावर जायला लागलास. बाहेर पार्किंगमध्ये घाम आणि आत उणे तापमान. पहिल्या दिवशी तू बर्फाकडे बघितलंच नाहीस. छतातल्या थंड हवेच्या पाइपांकडे मान वर करून म्हणालास, "डक्टिंग बघ काय केलंय, मेधा!" मग हळूहळू उभं राहायला शिकलास, घसरायला शिकलास. त्या मॉलमधल्या उताराच्या टोकाशी एक गुबगुबीत जाळी आहे. तू वरून सरळ यायचास आणि त्या जाळीवर जाऊन आदळायचास. सगळेच नवशिके आदळायचे. तुला वाटलं, यालाच थांबणं म्हणतात.

डोंगराला जाळी नसते, हे तुला डोंगरावर जाऊन कळलं. आपल्याला शिकवायला साठीची एक बाई होती, लाल जॅकेट, करडे केस, आवाज हेडमास्तरीणबाईंचा. तिने विचारलं, आधी कधी केलंय का? तू छाती काढून सांगितलंस, हो, दुबईत. आणि निघालास. तिच्या अंगावरून, छोट्या पोरांच्या रांगेवरून, हॉटेलच्या कुंपणावरून तू जो गेलास तो गेलासच. ती ओरडत होती, "पिझ्झा! पिझ्झा!" इरा ओरडत होती, "बाबा, मेक अ पिझ्झा!" पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी करायची, की ब्रेक लागतो. तुला कुठलं कळायला? "आई गं!" एवढं एकच ऐकू आलं. सगळ्या खोऱ्याने ते दोनदा म्हटलं. मग तू बर्फाच्या एका ढिगात कमरेपर्यंत गेलास.

मी जीव मुठीत धरून धडपडत पोचले. तू बसला होतास. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतंस, केसांत बर्फ, मिशीत बर्फ, कान लालभडक, आणि तू हसत होतास. पोट धरून, दात दाखवून, आवाज न करता. तुझ्या त्या हसण्याची मला ओळखच नव्हती रे. एवढी वर्षं संसार केला आणि हा माणूस कुठे होता, असं वाटलं मला. इराने फोटो काढला आणि लगेच टाकलाही. तू तिच्या मागे लागलास, काढ तो, मिरजेत कुणी बघेल. ती म्हणाली, "नोबडी फ्रॉम मिरज फॉलोज मी, बाबा. चिल!" तरी संध्याकाळी तू तिला तो काढायला लावलासच.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं वर जाणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत बसलो होतो. पाय अधांतरी, खाली झाडं, कुठे हूं नाही की चूं नाही. तू पायांतल्या पट्ट्या हलवत होतास. मग म्हणालास, "मेधा, मी आत्ता कुणाचं काहीच करत नाहीये."

मी तुझा हात धरला. दोघांचे हातमोजे इतके जाड होते की हातात हात आल्याचं कळलंही नाही. तुझ्याकडून मला मिळालेल्या सगळ्या गोष्टींत ते वाक्य मी वर ठेवते. तू सुखात आहेस हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. सगळ्याच बायकांना ते बघायला मिळतं असं नाही. पण खुर्ची वर पोचायच्या आत तू म्हणालास, "आईला दाखवायला पाहिजे होतं हे," आणि तुझा चेहरा उतरला.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. तू बूट वाळवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलंस, मागचे आवाज येऊ नयेत म्हणून. मीही आत आले.

"कसा आहेस? थंडी आहे का रे तिकडे?"

"शारजात कसली थंडी, आई? एसी लावून बसलोय."

"बरं. जपून राहा."

"बघ, काही कळलं नाही," तू मला म्हणालास. त्या दिवशी तू जेवलास मात्र अर्धंच.

आपण परत आलो. मग तुमच्या ऑफिसातले एकजण सांगलीहून परतले, आणि त्यांच्याबरोबर आईंनी पिशवी पाठवली. मेतकूट, भाजणी, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली तपकिरी लोकरीची कानटोपी. हाताने विणलेली, हनुवटीखाली बांधायला बंद असलेली. शारजात कानटोपी! इराने ती घालून घरभर नाच केला. तूही घातलीस, सोफ्यावर बसून एसी सोळावर केलास आणि म्हणालास, "कसा दिसतोय हबीबी?" आपण तिघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तू टोपी काढून हातात घेतलीस आणि तिचे टाके बघत बसलास.

"आईचं वय झालं, मेधा. आपण कुठे राहतो तेही तिला आठवेनासं झालंय."

तुला ते फार लागलं, मला माहीत आहे. ती टोपी तू तुझ्या कप्प्यात ठेवलीस, आणि रात्री एसी जास्त झाला की मी नको नको म्हणत असताना घालायचास. मी विचारत राहिले, खरं कधी सांगणार? तू म्हणालास, आता सांगून काय उपयोग, तिला कळणारही नाही.

पुढच्या डिसेंबरात मिरजेला पोचल्या पोचल्या तू आईंना सांगलीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलंस. बिचाऱ्या एक शब्द न बोलता आल्या. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. आईंनी ते असे केले की मी गणिताची मास्तरीण असून मागे पडले. मग डॉक्टरांनी विचारलं, "आजी, मुलगा कुठे असतो?"

आईंनी तुझ्याकडे बघितलं. "असतो शारजात. मधूनच कधी इकडेतिकडे जातो."

आपल्याला वाटलं, तुझ्या साइटबद्दल बोलतायत. डॉक्टर म्हणाले, यांची स्मरणशक्ती तुमच्यापेक्षा बरी आहे. परतीच्या गाडीत तू इतका खूश होतास की मी म्हटलं, मग आता सांगून टाका. आई पुढे बसल्या नसत्या तर 'टाक' म्हटलं असतं. तू हळूच म्हणालास, ती इतकी ठणठणीत आहे, आता कशाला दुखवायचं? आधी कळणार नाही म्हणून सांगायचं नाही, मग कळेल म्हणून सांगायचं नाही. न सांगण्याला तुझ्याकडे कारण कायम तयार. या गोष्टीचा मला अजून राग आहे, मिलिंद. तू गेलास म्हणून तो गेला नाही. राग माणसाबरोबर जातो असं मला वाटायचं.

बर्फाला आपण परत गेलो नाही. तू म्हणायचास, एकदा केली चोरी, पुरे. त्याच्या पुढच्या वर्षी मिरजेत एक लग्न निघालं. या वर्षीच्या बॅगा मी आत्ताच कपाटावरून काढून ठेवल्या होत्या.

त्या सकाळी तू गाडी काढायला खाली गेलास. कानाला फोन होता, कुठलातरी चिलर बंद पडला होता, म्हणून दारातून नुसता हात हलवलास. एरवी 'येतो' म्हटल्याशिवाय तू कधी उंबरा ओलांडला नाहीस. चहा उकळतो न उकळतो तोच वॉचमन वर आला. "मॅडम, साहब नीचे गिर गये." मी गॅस बंद केला, हे मला आठवतं. कसा आठवण ठेवून बंद केला कोण जाणे.

इरा अल ऐनहून, कॉलेजच्या हॉस्टेलवरून आली, मैत्रिणीच्या गाडीतून, परीक्षा अर्धी टाकून. ती आल्यापासून माझ्याशी मराठीत बोलते. मी काही म्हटलं नाही, तूही म्हटलं नसतंस. सतीशचं म्हणणं होतं, दादाला घरी आणा, आईला तोंड बघू दे. कागद होतील, उशीर होईल, पण आणा. मला काय करावं कळेना. मग आईंनी त्याच्या हातून फोन घेतला. आवाज अगदी कोरडा होता.

"मेधा, त्याला पेटीत घालून आणू नका. आयुष्यभर येत-जात राहिला. आता आणखी प्रवास नको त्याला. तिकडेच नीट निरोप द्या."

तसा दिला. तुमच्या कंपनीची सगळी माणसं आली होती, पार अबूधाबीकडच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपातलीसुद्धा, युनिफॉर्मवरच. तुझी मुलगी पुढे झाली. अग्नी तिनेच दिला.

अस्थी घेऊन आम्ही मिरजेला गेलो. कृष्णेच्या घाटावर पाणी संथ होतं. तिथे उभी असताना मी ठरवलं, तुझं राहिलेलं वाक्य आता मी बोलायचं. भीती वाटत होती. त्यांच्याकडे उरला होतास तो त्यांच्या आठवणीतला, सगळ्या रजा घरावर ओवाळून टाकणारा, आणि मी जाऊन सांगणार की एकदा तो खोटं बोलला. न सांगावं तर ते खोटं आता माझं होणार, आणि मला त्यांच्यासमोर ते घेऊन बसता येणार नव्हतं. तुझ्यासारखं वर्षं ढकलणं मला जमत नाही.

तुझे दिवस झाले त्या संध्याकाळी सतीश भिंतीवर लावायला तुझा फोटो करून घेऊन आला. व्हिसासाठी काढलेला तो, टाय, पांढरी पार्श्वभूमी, तोंड मिटलेलं. आईंनी तो हातात घेतला, चष्मा वरखाली केला आणि परत दिला.

"हा नको. यात कोणी साहेब दिसतोय. तो बर्फातला लाव."

माझ्या जाऊबाई, विद्या, खाली बघायला लागल्या. मी तिथेच त्यांच्या पलंगापाशी जमिनीवर बसले.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"विद्याच्या पोरीने दाखवला होता मोबाइलवर. त्याच दिवशी. मी म्हटलं, तो फोटो ठेवून घे ग, पुसू नकोस."

"मग बोलला का नाहीत? ह्यांच्या मनाला किती लागलं होतं. दरवर्षी सांगतो म्हणायचे."

आईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मी विचारलं असतं तर त्याने माफी मागितली असती. मग पुन्हा कधी गेला नसता. मला वाटलं, गप्प राहिले तर जाईल परत." थोडं थांबून म्हणाल्या, "गेलाच नाही."

मग त्यांनी विद्याच्या हातून मोबाइल घेतला आणि तो फोटो जवळ धरला. त्यावर बोट फिरवलं, केसांवरून, मिशीवरून.

"हसतोय बघ कसा. लहानपणी हसायचा असा. मला बरं वाटलं बघून. कान तेवढे उघडे होते." त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. "म्हणून टोपी विणून पाठवली. मिळाली ना?"

मिलिंद, त्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून आपण हसलो होतो. त्यांना मी सांगितलं, मिळाली आई, फार वापरली. हे खरं आहे, एवढं मात्र आपल्या हातून खरं झालं. शारजात, सोफ्यावर, एसी सोळावर, पण कान झाकले होते तुझे.

तो फोटो आता मिरजेच्या भिंतीवर आहे. येणारे-जाणारे बघतात आणि कुजबुजतात, हा कसला फोटो? आई कोणाला काही सांगत नाहीत. हार त्या रोज स्वतः घालतात, आणि हसणं झाकलं जाऊ नये म्हणून लहानसाच घालतात.

निघताना मी वाकले. म्हटलं, "आई, डिसेंबरला मी येईन, दरवर्षीसारखी."

"यायलाच पाहिजे असं नाही. तुझीपण रजा आहे. इराला घेऊन कुठे जावंसं वाटलं तर खुशाल जा. डोंगरावर जा, बर्फात जा." त्यांनी माझा पदर सारखा केला. "फक्त सांगून जा ग. त्याचं तेवढंच चुकलं. दोन्ही वेळा न सांगता गेला."